नवीन सायफाय, हॉरर, फँटसी कॉमिक्सचे रिव्ह्यू लिहिताय? या चुका टाळा

नवीन सायफाय, हॉरर किंवा फँटसी कॉमिकबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं दिसलं की मी बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी वाचतो. पण त्यात एक गोष्ट सारखी खटकते, ती म्हणजे रिव्ह्यू गोष्टीचा असतो, कॉमिकचा नसतो. नाव बदललं तर तोच मजकूर एखाद्या कादंबरीला किंवा वेबसिरीजला जसाच्या तसा चालून जाईल. आणि या तीन प्रकारांत तर भीती, अचंबा, वेगळ्याच जगात शिरल्याचा फील हे सगळं पानावर घडत असतं, कथासूत्रात नाही, त्यामुळे पान बघितलंच नाही तर मग रिव्ह्यू नक्की कशाचा केला?

सगळी गोष्ट सांगून शेवटी "चित्रं पण छान आहेत"

ही सगळ्यात कॉमन चूक. पहिल्या पानापासून काय काय झालं ते सांगत सुटायचं, कोण मेलं, कोण गद्दार निघाला, आणि शेवटी आर्टबद्दल एक ओळ. वाचणाऱ्याला गोष्ट फुकटात कळते आणि कॉमिक कसं आहे ते कळतच नाही.

उपाय सोपा आहे. कथेची मांडणी चार-पाच ओळींत संपवा आणि मग एकच पान निवडा, ज्या पानावर तुम्ही थांबलात ते, आणि ते नीट बघा. डोळा आधी कुठे जातो? पॅनल म्हणजे चित्राच्या चौकटी किती आहेत, मोठा कुठला, दोन पॅनलमधली मोकळी जागा म्हणजे गटर काळं आहे की पांढरं? संवादाचे फुगे कुठे बसवलेत, ते तुम्हाला कुठून कुठे नेतात? उदाहरण देतो. 'दीज सॅव्हेज शोअर्स' हे लेखक राम व्ही आणि चित्रकार सुमित कुमार यांचं कॉमिक, २०१८-१९ मध्ये व्हॉल्ट कॉमिक्सने पाच अंकांत काढलेलं, १७६६ मधला मलबार किनारा, लंडनहून आलेला व्हॅम्पायर आणि इथला राक्षस. नुसतं एवढं सांगितलं तरी कुणालाही वाचावंसं वाटेल, पण त्यातली खरी गंमत नऊ पॅनलच्या ग्रिडमध्ये आहे. तीन बाय तीन, सगळे चौकोन सारखे. अशा ग्रिडमध्ये वाचनाला एक ठेका येतो, मृदंगावर एकाच लयीत थाप पडत राहावी तसा, आणि एकदा डोळा त्या लयीला सरावला की एखादा पॅनल जरी मोठा झाला तरी तो अंगावर येतो. हे तुम्ही दोन वाक्यांत लिहिलंत ना, तर वाचणारा ते पान उघडून बघेल.

नाव फक्त लेखकाचं

कॉमिक हे टीमचं काम आहे. लेखक, चित्रकार, बऱ्याचदा इंकर म्हणजे पेन्सिलच्या रेषांवर शाई फिरवणारा वेगळा, रंग भरणारा कलरिस्ट, फुग्यांतली अक्षरं बसवणारा लेटरर. तरी रिव्ह्यूत सगळं श्रेय लेखकाला आणि फार तर एकदा चित्रकाराचा उल्लेख. हॉररमध्ये तर अर्धी भीती रंगांतून येते. 'समथिंग इज किलिंग द चिल्ड्रेन' मध्ये जेम्स टायनियन चौथे यांच्या लेखनाइतकंच वेर्थर डेल'एडेरा यांच्या खरखरीत रेषांचं आणि मिकेल मुएर्तो यांच्या रंगांचं काम आहे.

लेटरिंगकडे तर कुणी बघतच नाही, म्हणून मी मुद्दाम त्यावर थांबतो. 'सागा' ही सायफाय-फँटसी मालिका उघडून बघा. त्यात हेझल ही मुलगी मोठी झाल्यावर मागचं सगळं सांगतेय, आणि तिचं निवेदन कुठल्याही चौकटीत नाहीये, थेट चित्रावर हाताने लिहिल्यासारखं तरंगतं. लिहिल्यासारखं कशाला, ते लिहिलेलंच आहे, चित्रकार फियोना स्टेपल्स स्वतः हेझलची वाक्यं लिहितात आणि बाकीचे संवाद फोनोग्राफिक्स या लेटररकडे. त्यामुळे निवेदन चित्राचाच भाग वाटतं, आणि अवकाशातल्या एवढ्या मोठ्या युद्धाची गोष्ट घरातल्या मुलीने सांगितल्यासारखी जवळची होते. हा परिणाम रिव्ह्यूत नाही आला तर 'सागा'चा अर्धा रिव्ह्यू राहिलाच म्हणायचं. आणि 'दीज सॅव्हेज शोअर्स'चं लेटरिंग आदित्य बिडीकर यांचं आहे, जे भारतात राहून अमेरिकेतल्या मोठमोठ्या कॉमिक्सना अक्षर देत आले, 'द डिपार्टमेंट ऑफ ट्रुथ' सुद्धा त्यांचंच. आपण मराठीत लिहिताना तरी हे नाव सुटता कामा नये.

श्रेयनामावली अंकाच्या आतल्या पानावर असते, तिथून नावं उतरवायला मिनिटही लागत नाही.

फोनवर एकेक पॅनल सरकवत वाचून मत बनवणं

आपल्याकडे बरेचजण डिजिटल वाचतात, छापील अंक मिळत नाहीत किंवा महाग पडतात, त्यात काहीच गैर नाही. पण फोनवर जो पॅनल-बाय-पॅनल मोड असतो ना, त्यात पान दिसतच नाही. एकेक चौकोन स्क्रीनभर येतो, म्हणजे चित्रकाराने छोटा ठेवलेला पॅनल आणि मोठा ठेवलेला पॅनल दोन्ही एकाच आकाराचे होतात. मग लिहिलं जातं की "पेसिंग गंडलंय", म्हणजे गोष्टीचा वेग जमलेला नाही. अहो, ज्या मोडमध्ये तुम्ही वाचलंत त्याने पेसिंग आधीच पुसून टाकलंय.

यातली पान उलटण्याची गोष्ट तर नीट समजून घ्या, कारण हॉररचा सगळा खेळ तिच्यावर आहे. इंग्रजी अंकात पहिलं पान उजव्या हाताला येतं, पुढे दोन-तीन समोरासमोर, मग चार-पाच. म्हणजे पान उलटलं की आधी दिसतं ते डावीकडचं, सम आकड्याचं पान. म्हणून हुशार लेखक-चित्रकार विषम पानाच्या शेवटच्या पॅनलमध्ये दार किलकिलं करून ठेवतात आणि दाराआड काय आहे ते सम पानावर दाखवतात. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे हे सगळं उलट, डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात कुणीतरी दचकून बघतं आणि पान उलटल्यावर उजवीकडे ते समोर येतं. जुंजी इतो यांच्या 'उझुमाकी' या हॉरर मांगात हे तंत्र इतकं पक्कं आहे की तुम्हाला कळत असतं पुढच्या पानावर काहीतरी वाईट आहे आणि तरी हात थांबत नाही. फोनवर हे सगळं एका स्वाइपमध्ये विरून जातं. वर इतोंची ती बारीक पेनाची रेघ न् रेघ छोट्या स्क्रीनवर करडा डाग होऊन बसते.

तर मग करायचं काय? आधी पूर्ण पान दिसेल असं वाचा, टॅब किंवा लॅपटॉप असेल तर उत्तमच, दोन पानं शेजारी-शेजारी लावता आली तर अजून चांगलं. आणि फोनवरच वाचलं असेल तर रिव्ह्यूत तसं सांगा, वाचणाऱ्याला त्याप्रमाणे धरता येईल. पायरेटेड स्कॅनवरून मात्र रिव्ह्यू करू नका. एक तर ज्यांनी राबून कॉमिक काढलं त्यांच्या पोटावर पाय, आणि दुसरं म्हणजे दाबून छोट्या केलेल्या फाइलमध्ये काळा रंग फुटतो, लाल पसरतो, आणि मग तुम्ही कलरिस्टला नावं ठेवता.

पहिल्या अंकावरच निकाल लावणं

एक अंक म्हणजे साधारण वीस-बावीस पानं. तेवढ्यात नवीन जग, त्याचे नियम, पात्रं, धोका सगळं बसवायचं असतं, आणि आपण लगेच म्हणतो "वर्ल्डबिल्डिंग कच्चं आहे". पहिल्या अंकावरून काय सांगता येतं? टोन. चित्रातली स्पष्टता. संवाद माणसं बोलतात तसे आहेत का. दुसरा अंक घ्यावासा वाटला का आणि कशामुळे. जगाचे नियम टिकतात की नाही, शेवट जमतो की नाही, हे नाही सांगता येत, तेव्हा ते सांगूही नका. सगळेच काही वीस पानांत सुरुवात करत नाहीत म्हणा, मार्जरी लिऊ आणि साना ताकेदा यांच्या 'मॉन्स्ट्रेस'चा २०१५ चा पहिला अंक तिप्पट जाडीचा होता, तिथे जगाबद्दल लवकर बोलायला हरकत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे पहिल्या अंकाचं वारेमाप कौतुक. अमेरिकेत कॉमिकची दुकानं बहुतेक माल परत न करण्याच्या बोलीवर घेतात आणि अंतिम ऑर्डर अंक येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी द्यावी लागते, त्यामुळे प्रकाशकाला पहिल्या अंकाचा गाजावाजा आधीच हवा असतो आणि रिव्ह्यूवाल्यांना पीडीएफ लवकर येतात. पीडीएफ मिळाली म्हणून गोड बोलायचं काही कारण नाही, आणि मिळाली आहे हे रिव्ह्यूत सांगून टाकायचं. पहिला अंक जोरदार आणि चौथ्यापर्यंत हवा गेली, असं खूपदा होतं.

आपल्या वाचकाला आणखी एक गोष्ट हवी असते, सुटे अंक घ्यावेत की पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक येईपर्यंत थांबावं. सुट्या अंकाची छापील किंमत चार-पाच डॉलर, इथे येईपर्यंत अजून वाढते, तेव्हा हे स्पष्ट लिहा. मालिका सुरू आहे, संपली की मध्येच थांबली तेही लिहा. 'सागा' जुलै २०१८ मध्ये चोपन्नाव्या अंकावर थांबली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, मधल्या काळात ज्यांनी हे न सांगता "घ्याच" म्हटलं त्यांच्यावर वाचक चिडणारच ना.

"मला काही भीती वाटली नाही"

हे मत झालं, रिव्ह्यू नाही. कॉमिकला आवाज नसतो, पार्श्वसंगीत नसतं, अंधारं थिएटर नसतं, आणि पान किती वेळ बघायचं ते वाचणारा ठरवतो. सिनेमासारखं दचकवणं इथे मोजायला गेलात तर सगळीच कॉमिक्स नापास होतील. भीती कुठे ठेवलीय ते शोधा. न दाखवलेल्या पॅनलमध्ये? पार्श्वभूमीतल्या एका चेहऱ्यात, जो तीन पानं मागेही होता? फुग्यातल्या अक्षराच्या बदललेल्या आकारात? तरीही नाही जमलं तर नक्की कुठे फसलं ते दाखवा, राक्षस फार लवकर पूर्ण दाखवला, किंवा निवेदनाच्या चौकटी इतकं समजावत बसल्या की चित्राला काम उरलं नाही. अशी टीका वाचायला मजा येते आणि पटतेही.

सायफायमध्ये हीच चूक वेगळ्या रूपात येते, प्रकाशाच्या वेगावरून वाद घालत बसायचं. कॉमिकने स्वतःचे नियम कुठले घातले आणि ते पाळले का, एवढं बघा. फँटसीत नावं आणि घराणी लक्षात राहत नाहीत ही तक्रार असेल तर चित्रांत फरक आहे का ते तपासा, पोशाख, रंग, चेहऱ्याची ठेवण. चित्राने मदत केली नसेल तर तक्रार खरी.

"आपली मुंबई दाखवलीय" एवढ्यावर पूर्ण मार्क

'द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार' २०२१ मध्ये आलं. लेखक राम व्ही, म्हणजे मूळ मुंबईचे, चित्रं पोर्तुगालच्या फिलिप आंद्रादे यांची. अमरत्वाचा शोध लागणार म्हणून मृत्यूच्या देवतेची नोकरी जाते आणि ती मुंबईत एका मुलीच्या शरीरात येऊन पडते. यावर आपल्याकडून लिहिताना दोनच प्रकार होतात, एक तर मुंबई ओळखीची वाटली म्हणून भारावून जायचं, नाहीतर अमुक तमुक असं नसतंच म्हणून चुका काढायच्या. तपशील तपासा, जरूर तपासा, तो आपला हक्कच आहे. पण ते लांबट, हलके देह आणि गुलाबी-जांभळं आकाश मृत्यूच्या गोष्टीला जड होऊ देत नाही, हे बघायचं राहून जातं, आणि मला विचाराल तर ते कॉमिक तिथेच जिंकतं.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

कव्हर बघून आर्टचं कौतुक करू नका. व्हेरिअंट कव्हर, म्हणजे त्याच अंकाचं पर्यायी मुखपृष्ठ, बऱ्याचदा वेगळ्याच चित्रकाराचं असतं आणि आत दुसराच असतो, वाचक पैसे घालून फसतो. प्रकाशकाने दिलेला सारांश भाषांतर करून चिकटवू नका. "हे एआयने काढलंय" असा आरोप पुराव्याशिवाय कधीच करू नका, एखाद्याची वर्षांची मेहनत एका कमेंटने मातीत जाते. जुन्या नावाने नवीन काही आलं, जसं २०२४ मध्ये ओनी प्रेसने ईसी कॉमिक्स या जुन्या हॉरर प्रकाशकाचं नाव पुन्हा आणलं, तर १९५४ च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवर घातलेल्या सेन्सॉरच्या नियमांनी, त्या काळच्या हॉरर अंकांचं काय केलं ते थोडक्यात सांगा आणि नवीन कथांवर या, जुन्या आठवणींतच रिव्ह्यू संपवू नका.

वयाचा उल्लेख मात्र कधीही विसरू नका. कॉमिक म्हणजे लहान मुलांचं, असं अजूनही कित्येक आईबाबांना वाटतं आणि ते तुमचा रिव्ह्यू वाचून वाढदिवसाला पुस्तक घेतात. 'समथिंग इज किलिंग द चिल्ड्रेन'ची सुरुवातच मुलांच्या भयानक मृत्यूंनी होते. 'सागा'त उघड लैंगिक दृश्यं आहेत. वर, पहिल्या परिच्छेदातच लिहा की हे मोठ्यांसाठी आहे, कशामुळे आहे, आणि तेवढं लिहिल्याने स्पॉयलर होत नाही.

लिहिताना अडलात, काही सुचतच नाही असं झालं, तर कॉमिक पुन्हा एकदा संवाद न वाचता नुसतं बघत जा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गोष्ट किती कळते आणि कुठे तुटते ते लगेच दिसतं, आणि जिथे तुटते तिथून लिहायला सुरुवात करा. पहिल्या अंकावर लिहिलेलं असेल तर पाच-सहा अंक झाल्यावर त्याच मालिकेवर परत लिहा, आधीचं मत कुठे टिकलं, कुठे बदललं ते सांगून. मराठीत असा दुसरा रिव्ह्यू फार क्वचित वाचायला मिळतो, आणि पुस्तक घ्यायला निघालेल्या माणसाला तोच जास्त उपयोगी पडतो.