सोलर प्लेट चांगली, मग बॅटरी वर्षात का जाते? या चुका टाळा

शेतातल्या घरावर किंवा गच्चीवर शंभर-दोनशे वॅटची सोलर प्लेट, खाली बॅटरी, कंट्रोलर (प्लेटची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा), चार दिवे आणि एक पंखा. असा संच पहिले काही महिने छान चालतो. मग पंखा पहाटे बंद पडू लागतो आणि वर्ष-दीड वर्षात बॅटरी बाद होते. दोष प्लेटला दिला जातो, पण प्लेट सहसा ठणठणीत असते. नीट जपली तर ती वीस-पंचवीस वर्षं वीज देते. जाते ती बॅटरी, कारण ती महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी बरेच दिवस पूर्ण भरली नाही, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. तो एकदा घट्ट झाला की नंतर कितीही चार्ज करा, गेलेली ताकद परत येत नाही.

हिशेब न करता केलेली खरेदी

प्लेटवर १०० वॅट लिहिलेलं असतं ते कारखान्यातल्या चाचणीचं: कडक प्रकाश आणि प्लेटचं तापमान २५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्यावरची प्लेट सहज ६५ अंशांवर जाते, आणि दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे नुसत्या उष्णतेनेच सोळा टक्के गेले. म्हणून प्लेट पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा खेळेल इतकी जागा ठेवा. चांगल्या उन्हाच्या दिवशी १०० वॅटची प्लेट साधारण ३५० ते ४०० वॅट-तास देते, एवढंच धरून चाला.

आता खर्च बघा. ९ वॅटचे चार बल्ब पाच तास म्हणजे १८० वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास म्हणजे २४०. मोबाइल आणि वायफाय धरून साडेचारशेच्या वर गेलं. इन्व्हर्टर आणि बॅटरी आपला वाटा खातात तो वेगळा, त्यामुळे प्लेटकडून सहाशेच्या आसपास हवेत. इथे १०० वॅट पुरणारच नाहीत, २०० लागतील. पंखा जुना ७५ वॅटचा असेल तर आधी तो बदला. तो प्लेट वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतो.

वीज पुरत नाही म्हणून बरेच जण मोठी बॅटरी आणतात. हा उपाय उलटा पडतो. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्यूब्युलर बॅटरीला नीट भरायला साधारण १५ अँपिअर लागतात. १०० वॅटची प्लेट देते जेमतेम साडेपाच. टाकी मोठी केली, नळ तोच राहिला. आधी प्लेट वाढवा, बॅटरीचा विचार नंतर करा. गाडीची जुनी बॅटरीही लावू नका. ती स्टार्टरला क्षणभर जोराचा करंट देण्यासाठी बनलेली असते, रोज रात्री खोलवर रिकामी होण्यासाठी नाही.

मोठी प्लेट, साधा कंट्रोलर

या चुकीत सर्वात जास्त पैसे वाया जातात, आणि दुकानदार ती फार क्वचित सांगतात. बाजारात ३३० वॅटची प्लेट वॅटमागे स्वस्त मिळते. ती साधारण ३७ व्होल्टवर ९ अँपिअर देते. तिला पीडब्ल्यूएम, म्हणजे साध्या स्वस्त कंट्रोलरमधून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं, की कंट्रोलर प्लेटला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो. १३ व्होल्ट गुणिले ९ अँपिअर म्हणजे ११७ वॅट. पैसे ३३० वॅटचे आणि वीज शंभरीच्या थोडी वर. अशा प्लेटला एमपीपीटी कंट्रोलरच हवा, जो जादा व्होल्टेजचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो, आणि त्याची व्होल्ट-अँपिअरची मर्यादा प्लेटच्या मागच्या लेबलशी ताडून घ्यावी. पीडब्ल्यूएमच वापरायचा असेल तर ३६ सेलची (सेल म्हणजे प्लेटवरचे छोटे चौकोन), १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीची प्लेट घ्या.

कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते, ती बघा. लिथियम बॅटरी लेड-ॲसिडच्या सेटिंगवर ठेवू नका. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना आधी प्लेट.

वायर आणि सावली

घराच्या वायरिंगमधली उरलेली दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर प्लेटला लावली जाते. १० मीटर अंतरावरून १० अँपिअर येत असतील, तर जाऊन-येऊन २० मीटर तांब्यात जवळपास अडीच व्होल्ट वाटेतच संपतात. २३० व्होल्टला ते जाणवत नाही, १२ व्होल्टला बॅटरी पूर्ण भरणं अवघड होतं. त्याच ठिकाणी ६ स्क्वेअर घातली तर घट ०.६ व्होल्टवर येते. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ फ्यूज हवाच. प्लेटच्या बाजूला साधा एसी एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) चालत नाही, डीसीचा घ्या. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, तिच्याने आग लागते.

प्लेट दक्षिणेकडे, साधारण १८ ते २० अंश कलती ठेवा. नारळाची एक झावळी किंवा पाण्याच्या टाकीची कडा दुपारी आडवी आली तरी वीज घटायला पुरे, कारण सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि एक झाकला की मागचेही अडतात. धूळ सकाळी, प्लेट गार असताना, मऊ फडक्याने पुसा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून पाणी लगेच टिपून घ्या.

बिघाड शोधताना

साधा मल्टिमीटर घ्या. पहाटे, ऊन येण्याआधी, सगळं बंद ठेवून लेड-ॲसिड बॅटरी मोजा: १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली रोज जात असेल तर खर्च जास्त आहे. दुपारी १२ व्होल्टची प्लेट कंट्रोलरपासून सोडवून मोजली की २० ते २२ व्होल्ट दिसायला हवेत. निम्मेच दिसले तर मागच्या डब्यातला एखादा डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) गेला असावा. काहीच दिसलं नाही तर कनेक्टर तपासा. चार्जिंग चालू असताना कंट्रोलरच्या टोकांवर आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज वेगवेगळं दिसलं, तर थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) सैल आहे किंवा वायर बारीक आहे. टोकांवर खार आला असेल तर संच बंद करून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, पाणी बॅटरीच्या आत जाणार नाही असं धुवा, कोरडं करा आणि व्हॅसलीन लावा. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ती देवघराजवळ ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि तो दिव्याच्या ज्योतीने पेटू शकतो.

एक गैरसमज वारंवार दिसतो. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या घरगुती संचासाठी आहे, या छोट्या बॅटरी-संचासाठी नाही. आणि ग्रिडचा साधा संच वीज गेली की आपणही बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून.

जून ते सप्टेंबर उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. त्या दिवसांत पंख्याचे तास कमी करा. घरात महावितरणची वीज असेल तर योग्य चार्जर लावून दर आठ-पंधरा दिवसांनी बॅटरी एकदा काठोकाठ भरून घ्या. सल्फेटचा थर धरण्याचा सर्वात वाईट काळ हाच असतो.