लेन बदलताना या चुका टाळा

नेरुळमध्ये गेली अठरा वर्षं मी गाडी शिकवतोय. क्लच, ब्रेक, चढावर गाडी उचलणं हे सगळं पंधरा-वीस दिवसांत जमतं. लेन कधी बदलायची हे मात्र लायसन्स मिळून दोन वर्षं झालेल्यांनाही कळत नाही. मला याची मनापासून चीड येते, कारण मार बहुतेक वेळा शेजारच्या दुचाकीवाल्याला बसतो.

पहिली चूक म्हणजे आरशात पाहिलं की काम झालं असं धरून चालणं. सायन-पनवेल हायवेवर एका रविवारी सकाळी सरावाला आलेला एक मुलगा गाडी चालवत होता. उरण फाट्याला उतरायचं म्हणून त्याने डावा आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि त्याच दमात स्टिअरिंग वळवलं. मी डावीकडच्या सीटवर. माझ्या खिडकीला लागून एका बाइकवाल्याचा गुडघा होता, इतका जवळ की पँटवरचा चिखल दिसत होता. मी स्टिअरिंग धरून सरळ केलं. बाइकवाल्याने दारावर हात आपटला, पुढे जाऊन बाइक बाजूला घेतली. आम्हीही थांबलो. हात इतके थरथरत होते की त्याला हेल्मेटचा पट्टा सोडवता येईना. मुलगा सारखा म्हणत होता, ‘सर, आरशात कोणीच नव्हतं.’ खरंच नव्हतं. मागच्या दाराच्या आसपासची जागा आरशात येतच नाही.

म्हणून आरसा पाहिल्यावर मान वळवून खांद्यावरून एक नजर टाकायचीच. मी अजूनही दर वेळी टाकतो, रस्ता रिकामा असला तरी. पण ती फक्त नजर असावी. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, तेव्हा पुढच्या गाडीपासून आधी अंतर वाढवा, मगच मान वळवा.

दुसरी चूक अंतराची. डाव्या बाजूचा आरसा सहसा बहिर्गोल असतो, त्यात मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. ओव्हरटेक करून डावीकडे येताना मी मधला आरसा पाहतो. मागच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट त्यात नीट दिसले, तरच आत येतो. मागे कंटेनरचा ट्रेलर असेल तर आणखी बरंच पुढे जातो. उरणकडे हे ट्रेलर दिवसरात्र धावतात. लोडेड ट्रेलर लगेच थांबत नाही, आणि त्याच्या तोंडासमोर कट मारणाऱ्यांना हे कधी पटत नाही. त्याच्या डाव्या अंगाला तर रेंगाळूच नका. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला असतो. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

इंडिकेटर किमान चार-पाच वेळा लुकलुकू द्या, मग हला. एका झटक्यात दोन लेन ओलांडू नका. अखंड पांढरी रेष दिसली की लेन सोडू नका. घोडबंदर रोडला मानपाडा, पातलीपाड्याला पुलावरून जायचं की खालून, हे पुलाच्या तोंडाशी ठरवू नका. पावसात खड्डा चुकवायला गाडी बाजूला घेणं हेही लेन बदलणंच आहे. शेजारी बाइक असेल तर वेग कमी करून खड्ड्यातून गाडी काढा, टायरचं काय व्हायचं ते होईल.

आणि फाटा सुटला म्हणून शेवटच्या क्षणी आडवी गाडी घालणारे! पाच मिनिटं वाचवायला लोक तीन लेन कापतात. उरण फाटा चुकला तर सरळ पुढे जा, खारघरहून परत फिरा. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हा फाटा एकदा मुद्दाम चुकवायला लावतो आणि तिथून वळून परत आणतो.