तालमीआधी तानपुरा

अमेरिकी संगीतकार बेन जॉन्स्टन यांचं १९७३ सालचं चौथं स्ट्रिंग क्वार्टेट गोव्यात वाजवायचं ठरवलंत, की नोटेशनच्या प्रती काढण्याआधी एक चांगला तानपुरा मिळवा. दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलोची ही रचना 'अमेझिंग ग्रेस' या ख्रिस्ती भक्तिगीताच्या चालीवर बांधलेली आहे. ती चाल आपल्याला परकी नाही: सा रे ग प ध, भूपाचेच पाच स्वर, तीन मात्रांच्या लयीत. मात्र चलन भूपाचं नाही, तेव्हा तो राग तिच्यावर लादू नका.

सगळ्यात जास्त वेळ गंधाराला द्या. हार्मोनियमचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तानपुऱ्याच्या खरजातून उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ वर, आणि पंचमामागून पंचम लावत गेलात तर मिळणारा ४०८ वर. जॉन्स्टन सुरुवात या चढ्या गंधाराने करतात, मग स्वयंभू गंधाराकडे वळतात, आणि पुढे तारेतून आपोआप उमटणाऱ्या सातव्या स्वयंभू स्वराचा, आपल्या नेहमीच्या कोमल निषादाहून उतरलेला निषादही येतो. म्हणून चौघांनी तानपुरा लावून दोन्ही गंधार आधी गळ्यावर पक्के करावेत, मगच गज उचलावा. कागदावर स्वरापुढे अधिकची खूण दिसली तर स्वर सुमारे २२ सेंट चढवायचा; वजाची खूण असेल तर तेवढाच उतरवायचा. तालमीच्या खोलीत हार्मोनियम ठेवूच नका. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत सोल्फेज (स्वरांची नावं घेत नोटेशन गाण्याचा अभ्यास) घोटलेले वादक तुमच्याकडे असतीलच. त्यांच्यासोबत ख्याल गायलेलं एखादं माणूस ऐकायला बसवा, सूर हलला की ते लगेच सांगेल.

कापेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, कार्यक्रम करायचा असेल तर फादरांमार्फत लेखी अर्ज लवकर द्या. चर्चमधल्या मैफलींविषयी रोमहून १९८७ साली आलेल्या पत्रानुसार प्रवेश मोफत हवा आणि वादकांनी वेदीच्या भागात बसू नये. तेव्हा तिकिटं छापू नका, खुर्च्या पायऱ्यांखाली मांडा. चेलोच्या टोकाखाली फळी घ्या. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. वाद्यं एसीच्या गाडीतून उतरवून लगेच लावायला घेऊ नका. वाजवताना पंखे बंद.

माहितीपत्रक मराठी-कोंकणीत काढा. शब्द जॉन न्यूटन यांचे, १७७२ च्या अखेरीस लिहिलेले, १७७९ मध्ये छापलेले; आज गातात ती चाल त्यांना जोडली विल्यम वॉकर यांनी, १८३५ मध्ये. न्यूटन गुलामांच्या जहाजांचे कप्तान होते, श्रद्धा जागी झाल्यावरही काही वर्षं तो धंदा त्यांनी सोडला नव्हता, आणि त्याविरुद्ध जाहीर लिहिलं ते १७८८ मध्ये. ही वर्षं पत्रकातून गाळू नका. वादनाआधी कुणाकडून तरी एक कडवं साथीशिवाय गाऊन घ्या. मूळ चाल कानात असेल तरच ती पुढे कुठे कुठे जाते ते श्रोत्यांना उमगेल.