गुप्त वाटाघाटीचा खेळ वर्गात कसा मांडायचा: सोव्हिएत ज्यूंचं स्थलांतर, १९७२ ते १९७५

राज्यशास्त्राच्या वर्गाला गुप्त मुत्सद्देगिरी समजावायची तर व्याख्यानापेक्षा खेळ बरा. फक्त प्रसंग असा निवडा, की भलत्या वेळी उघड बोललेलं एक वाक्य सौदा मोडू शकेल. ज्यूंना सोव्हिएत संघाबाहेर पडू देण्यावरून मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये चाललेली ओढाताण त्यासाठी चांगली. तीन तास, १५ खेळाडू, एक संचालक, एक निरोप्या आणि शेजारशेजारच्या दोन खोल्या एवढं पुरतं. नागपुरात हे जानेवारीतच उरका. एप्रिलच्या दुपारी सगळी शिष्टमंडळं एकाच कूलरपुढे जमतात आणि गुपितं तिथेच फुटतात.

सोव्हिएत बाजूला चौघं बसवा: दोघं परराष्ट्र खात्याचे, एक केजीबीचा, एक ओव्हिरचा, म्हणजे परदेशी जाण्याची परवानगी देणाऱ्या कार्यालयाचा. व्हाइट हाउस, सिनेट, डच वकिलात, इस्रायल आणि अर्जदार यांना दोन-दोन जण, ऑस्ट्रियाला एक. बिल्ल्यावर पदच लिहा. अमेरिकेकडून वाटाघाटी करणाऱ्या किसिंजर यांचं नाव लिहिलंत तर पोरं अर्धा तास त्यांच्या आवाजाची नक्कल करण्यात घालवतात.

४० अर्ज-कार्डं सीताबर्डीवर जाड कागदावर झेरॉक्स करून घ्या. प्रत्येकावर पाच चौकटी: इस्रायलमधल्या नातेवाइकाचं आमंत्रण, नोकरीच्या ठिकाणचा दाखला व आईवडिलांची संमती, ओव्हिरची मंजुरी, इस्रायलचा व्हिसा, ऑस्ट्रियाचा ट्रान्झिट व्हिसा. क्रम मोडू देऊ नका. जून १९६७ मध्ये मॉस्कोनं इस्रायलशी संबंध तोडल्यावर इस्रायलचं काम तिथली डच वकिलात पाहायची, म्हणून चौथा शिक्का डचांचा. उत्साही डच जोडी हमखास आधीच शिक्के मारून मोकळी होते. ओव्हिरच्या मंजुरीवाचून तो शिक्का निरुपयोगी, हे त्यांना सुरुवातीलाच सांगा. दाखला मागितला की फासा टाका. १ किंवा २ पडलं तर अर्जदाराची नोकरी गेली. नकार देताना ओव्हिरवाल्यानं ‘गुप्त माहिती ठाऊक आहे’ एवढंच म्हणायचं, खुलासा करायचा नाही.

इस्रायलची जोडी म्हणजे नातिव, पंतप्रधानांच्या अखत्यारीतलं गुप्त कार्यालय. त्यांनी सोव्हिएत टेबलाशी बोलायचं नाही. डचांकडे कागदपत्रं, राजकीय निरोप अमेरिकेमार्फत. आपलं नाव कुठे येऊ न देता सिनेटरांच्या हाती नावांच्या याद्या पोचवणं, हे त्यांचं खरं काम.

अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार फेऱ्या करा, पहिली ऑक्टोबर १९७२ पासून. तेव्हा ऑगस्टमध्ये लादलेला ‘पदवी कर’ लागू होता: उच्चशिक्षिताला देश सोडताना हजारो रूबल भरावे लागत. अमेरिकी सिनेटर जॅक्सन यांनी ऑक्टोबरमध्येच व्यापार विधेयकाला दुरुस्ती मांडली: स्थलांतर मोकळं नसेल तर व्यापारात सर्वाधिक पसंतीचा दर्जा, म्हणजे कमी आयात कराची सवलत, नाही. मार्च १९७३ मध्ये मॉस्कोनं कराची वसुली थांबवली. ऑस्ट्रियाचं पाकीट दुसऱ्या फेरीच्या शेवटी उघडा. २८ सप्टेंबर १९७३ ला ऑस्ट्रियातल्या मार्खेगजवळ रेल्वेत ज्यू प्रवाशांना ओलीस धरलं गेलं आणि चॅन्सेलर क्राइस्की यांनी श्योनाउचं संक्रमण केंद्र बंद करण्याचं मान्य केलं. ऑस्ट्रियातून जाण्याचा मार्ग मात्र चालू राहिला. ऑक्टोबर १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध आणि अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांचा राजीनामा एकेका चिठ्ठीत आटोपा.

चौथी फेरी मात्र नीट रचा, सगळं मर्म तिथे आहे. १८ ऑक्टोबर १९७४ ला किसिंजर आणि जॅक्सन यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. जॅक्सन यांच्या पत्रात वर्षाला ६०,००० व्हिसांचा किमान मापदंड होता आणि त्यांनी व्हाइट हाउसमध्येच पत्रकारांसमोर त्याचा विजय साजरा केला. २६ ऑक्टोबरला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी असं कोणतंही आश्वासन दिलं नसल्याचं पत्र किसिंजरना दिलं. हे पत्र फक्त व्हाइट हाउसच्या पाकिटात घाला. सिनेटला दाखवायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. किसिंजरनी लपवलं आणि १८ डिसेंबरला तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेनं ते प्रसिद्ध केलं.

इथे एक चिठ्ठी राहून गेली की निकाल खोटा निघतो: अमेरिकी काँग्रेसनं सोव्हिएत संघाला मिळणाऱ्या सरकारी निर्यात-कर्जावर घातलेली ३० कोटी डॉलरची मर्यादा. पहिल्या फेरीपासून सोव्हिएत टेबलासमोर कर्जाच्या दहा सोंगट्या दिसत ठेवा आणि आता सात उचला. ही चिठ्ठी नसेल तर ‘जॅक्सननी बोभाटा केला म्हणून फिसकटलं’ एवढंच वर्गाच्या हाती लागतं. मॉस्कोला दुखलं ते दोन्ही: चारचौघांत मान खाली गेली आणि वर मोबदलाही आटला. जानेवारी १९७५ मध्ये जॅक्सन यांची दुरुस्ती असलेल्या व्यापार कायद्यावर सही झाल्यावर मॉस्कोनं अमेरिकेबरोबरचा व्यापार करारच झुगारला.

गुणांसाठी सुटलेली कार्डं मोजा, पण सोव्हिएत गुण वेगळे: सोंगट्यांची बेरीज वजा जाहीर मानहानी. हे सूत्र इतरांना शेवटपर्यंत कळू देऊ नका.

चर्चेला अर्धा तास ठेवा आणि आधी अर्जदारांना बोलू द्या. त्यांना सगळ्यांत कमी माहीत असतं. मग खरे आकडे सांगा: १९७३ मध्ये सुमारे ३५,०००, १९७४ मध्ये २०,०००, १९७५ मध्ये १३,०००. कायदा तसाच असताना १९७९ मध्ये ५१,००० गेले, हा आकडा राखून ठेवा. सिनेटला दोष देणारी मंडळी बोलून झाली की तो फळ्यावर लिहा.