एफओबी, बीएल, डिटेन्शन: निर्यातीच्या कागदांवर या चुका टाळा

पहिली ऑर्डर आली की नवा निर्यातदार भाव, पॅकिंग, लेबल यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. कोटेशनच्या तळाशी येणारी एफओबी, सीआयएफ अशी तीन अक्षरं मात्र बायर म्हणाला तशी टाकून मोकळा होतो. सांगलीचा बेदाणा असो की नाशिकची द्राक्षं, वाटेत माल बिघडला तर भुर्दंड कोणाला, हे ती तीन अक्षरंच ठरवतात.

सीआयएफ म्हणजे पोचेपर्यंत जबाबदारी आपली?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. सीआयएफ रॉटरडॅम लिहिलं की तिथपर्यंतचं जहाजभाडं आणि विमा तुमच्याकडे, पण न्हावा शेव्याला माल जहाजावर चढला की पुढचा धोका बायरचा. खर्च कुठपर्यंत आणि धोका कुठपर्यंत, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बायर वाटेतल्या नुकसानीचे पैसे बिलातून कापू लागला की हेच त्याला दाखवायचं. अर्थात माल किंवा पॅकिंग मुळातच कच्चं असेल, तर ही तीन अक्षरं तुम्हाला वाचवणार नाहीत.

सीआयएफमधला विमाही नीट वाचा. वेगळं ठरलं नसेल तर बिलाच्या ११० टक्के रकमेचा, पण ‘क्लॉज सी’ प्रकारचा किमान विमा पुरतो. आग, जहाज बुडणं, टक्कर अशा मोठ्या अपघातांसाठी तो आहे. चोरी किंवा कंटेनरमध्ये शिरलेलं समुद्राचं पाणी त्यात बसत नाही. सगळ्यात व्यापक ‘क्लॉज ए’ घेतला तरी निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान मिळत नाही. तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाजं जाऊ लागल्यापासून द्राक्षवाल्यांनी हे आधीच विचारून घ्यायला हवं.

एफओबी म्हणजे माल जहाजावर चढवण्यापर्यंतचा खर्च आपला, पुढचं भाडं बायरचं. त्याचा घोळ वेगळा आहे. त्यातही धोका जहाजावर माल चढल्यावरच सुटतो. कंटेनर तर आधी टर्मिनलच्या यार्डात जाऊन उभा राहतो, आणि तिथे तुमचा माणूस नसतो. त्या मधल्या काळात काही झालं तर नुकसान तुमचं. म्हणूनच या तीन अक्षरांचे नियम, म्हणजे ‘इन्कोटर्म्स’, ठरवणारं आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्स कंटेनरसाठी एफसीए सुचवतं. त्यात ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की धोका संपतो. एलसीसाठी (बायरच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र) जहाजावर चढल्याची नोंद असलेला बीएल (शिपिंग लाइनची मालाची पावती) लागणार असेल, तर २०२०च्या आवृत्तीत तशी सोयही आहे, फक्त ती करारात लिहून घ्यावी लागते. आपल्याकडे सवयीने सगळे एफओबीच लिहितात. ही सवय मोडायलाच हवी.

अक्षरांसोबत जागा आणि आवृत्ती दोन्ही लिहा. एफओबीपुढे माल निघतो ते बंदर येतं, सीआयएफपुढे पोचतो ते. ‘सीआयएफ न्हावा शेवा’ असं नाशिकच्या निर्यातदाराने लिहिणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण. अमेरिकेतल्या देशांतर्गत व्यापारात एफओबीचा अर्थ वेगळाही होतो, म्हणून ‘इन्कोटर्म्स २०२०’ हे शब्द प्रत्येक कोटेशनवर हवेत. आणि डीडीपी (शुल्क भरून पोच) कोणी मागितलं तर लगेच हो म्हणू नका. बायरच्या देशातलं आयात शुल्क आणि करही तुमच्या गळ्यात येतात.

शिपिंग बिल आणि बीएल

शिपिंग बिल आपण कस्टम्सकडे भरतो. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बीएल, शिपिंग लाइन किंवा फॉरवर्डर देतो, आणि माल कोणाच्या हाती पडणार हे त्यावर अवलंबून असतं. पैसे यायचे असताना बीएलवर थेट बायरचं नाव घालणं ही महागात पडणारी चूक आहे. अमेरिकेसारख्या देशात अशा बीएलवर मूळ प्रत न दाखवताही माल सोडला जाऊ शकतो. ‘टू ऑर्डर’, म्हणजे मागे सही करून पुढे देता येणारा बीएल घ्या, मूळ प्रती बँकेमार्फत पाठवा. टेलेक्स रिलीजची, म्हणजे मूळ प्रतीशिवाय माल सोडण्याची सूचना पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच द्या, बायर कितीही घाई करो.

एलसी असेल तर बीएलचा मसुदा ओळीओळीने तपासा. सीआयएफचा सौदा आणि बीएलवर ‘फ्रेट कलेक्ट’ (भाडं पोचल्यावर वसूल) असं जुळलं नाही की बँक कागद परत करते. कंटेनर कटऑफनंतर, म्हणजे बंदरात माल घेण्याची मुदत संपल्यावर पोचला आणि पुढच्या जहाजावर गेला तर जहाजावर चढल्याची तारीख सरकते, आणि एलसीतली शेवटची तारीख हुकू शकते. अशा वेळी एलसीत दुरुस्ती मागा. मागची तारीख टाकून बीएल घेणं ही सरळ फसवणूक आहे.

डेमरेज आणि डिटेन्शन

ढोबळमानाने, भरलेला कंटेनर टर्मिनलमध्ये मुदतीपेक्षा जास्त पडून राहिला की डेमरेज, आणि कंटेनर बाहेर नेऊन वेळेत परत केला नाही की डिटेन्शन. बुकिंग करताना ‘फ्री डेज’ (बिनशुल्क दिवस) किती एवढंच विचारून भागत नाही. दोन्हींचे मिळून की वेगवेगळे, सुट्टीचे दिवस धरून की वगळून, रीफरचं (थंड कंटेनरचं) विजेचं भाडं त्यात आहे की वेगळं, हे सगळं ईमेलवर घ्या. बायरने माल उचललाच नाही तर बीएलवर शिपर म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याकडे लाइन वसुलीला येऊ शकते. तिथे सौदा एफओबी होता की सीआयएफ, हे लाइन बघत नाही.

वजन आणि माप

सुट्या मालाचं, म्हणजे एलसीएलचं भाडं घनमीटर किंवा टन, यांत जे जास्त त्यावर लागतं. खोक्यांचं माप घेऊन हिशेब करू नका, पॅलेट बांधून झाल्यावर मोजा. १२० बाय ८० बाय १०० सेंटीमीटरचं एक पॅलेट ०.९६ घनमीटर होतं. तोच माल विमानाने पाठवला तर घनसेंटीमीटरना ६००० ने भागून १६० किलो धरतात, काट्यावर शंभर भरला तरी.

व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन कळवणं, १ जुलै २०१६ पासून बंधनकारक आहे. त्यात माल, पॅकिंग, पॅलेट आणि रिकाम्या कंटेनरचं वजन सगळं येतं. इन्व्हॉइसवरचं निव्वळ वजन टाकून फॉर्म पाठवू नका. रिकाम्या कंटेनरचं वजन त्याच्या दारावर छापलेलं असतं, माल भरतानाच त्याचा फोटो काढून ठेवा.