सी स्लग काय खातो, हे कसे ओळखावे

ओहोटीला उघड्या पडलेल्या कोकणातल्या कातळावर सी स्लग, म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय, एखाद्या स्पंजवर (कातळाला चिकटून राहणाऱ्या साध्या प्राण्यावर) बसलेला दिसला की तोच त्याचे अन्न असणार, असे आपण लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात पाणी उतरल्यावर तो केवळ ओलाव्यासाठी तिथे थांबलेला असू शकतो.

शोधाची दिशा स्लगच्या गटावरून ठरवावी. पाठीच्या मागच्या भागावर पिसांसारख्या कल्ल्यांचा झुबका असलेले डोरिड बहुतेक करून स्पंज खातात. पण त्यांच्यातलेच पॉलिसेरा ब्रायोझोआवर (कातळावर पापुद्र्यासारख्या वसाहती करणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर) जगतात आणि जिम्नोडोरिस तर चक्क इतर स्लगांना गिळतात. पाठभर बोटांसारखी उपांगे असलेले एओलिड प्रामुख्याने हायड्रॉइड (झुडपासारख्या वसाहती करणारे दंश करणारे जीव) व समुद्रफुले (सी ॲनिमोन) खातात आणि भक्ष्याच्या न फुटलेल्या दंशपेशी त्याच उपांगांच्या टोकांत साठवून ठेवतात. निळा ग्लॉकस हा एओलिड पाण्यावर तरंगणाऱ्या, जेलीफिशच्या नात्यातल्या फिजेलियासारख्या विषारी जीवांवर जगतो, त्यामुळे वाळूवर सापडला तरी त्याला उघड्या हाताने उचलू नये.

किनाऱ्यावर स्लगला न हलवता आधी छायाचित्र घ्यावे, मग तो पुढे सरकेपर्यंत थांबावे आणि त्याच्या तोंडाखालची जागा भिंगातून पाहावी. स्पंजचा वरचा रंगीत थर खरवडला जाऊन आतला फिकट भाग ताजा उघडा पडला असेल, तर तो सबळ पुरावा होय. शेजारी अंड्यांची फीत असणे हा पूरक संकेत आहे, कारण अनेक जाती अन्नाजवळच अंडी घालतात.

यापेक्षा भरवशाची साक्ष विष्ठा देते. स्लगला स्वच्छ समुद्राच्या पाण्यात, पांढऱ्या भांड्यात, सावलीत रात्रभर ठेवावे आणि सकाळी तळाशी पडलेल्या बारीक लेंड्या ड्रॉपरने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात; स्लगला मात्र त्याच कातळावर परत सोडावे. लेंडीत काचेसारखे काटे, म्हणजे स्पंजच्या सांगाड्याचे सूक्ष्म तुकडे, दिसले तर स्पंज, दंशपेशींच्या कुप्या दिसल्या तर हायड्रॉइड किंवा समुद्रफूल. स्पंजची जात ठरवायची असेल, तर त्याच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावर ब्लीचचे थेंब टाकून मांस विरघळू द्यावे, उरलेले काटे पाण्याने चार-पाच वेळा धुवावेत आणि त्यांचा आकार व लांबी लेंडीतल्या काट्यांशी ताडून पाहावी. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल चुकूनही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शिवाय प्रवाळांसारखे काही जीव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत, तेव्हा तुकडा घेण्याआधी परवानगीचे पाहावे.

काटे सापडले नाहीत म्हणजे स्पंज खाल्लाच नाही, असेही ठरत नाही. डेंड्रोडोरिस या डोरिडला दातांची पट्टी नसते. तो स्पंजचे मांस विरघळवून शोषतो. एलिसिया या हिरव्या, शैवाल खाणाऱ्या स्लगची अडचण वेगळी आहे. तो शैवालाच्या पेशीला दाताने भोक पाडून आतला रस ओढतो, त्यामुळे लेंडीत ओळखण्याजोगे फारसे काही उरत नाही. मात्र शैवालातली हरितलवके (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे पेशीतले हिरवे घटक) तो आपल्या शरीरात राखून ठेवतो आणि त्या लवकांमधल्या आरबीसीएल (rbcL) या जनुकाचा क्रम वाचून शैवालाची ओळख पटवता येते.

नोंदवहीत ‘वर बसलेला’, ‘खाताना पाहिला’ आणि ‘विष्ठेत आढळले’ असे तीन रकाने वेगळे आखावेत आणि पहिल्या रकान्यातली नोंद पुराव्याशिवाय दुसऱ्यात सरकवू नये.