साखळी धडकेत मधली गाडी तुमची असेल तर या चुका टाळा

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच उतारावर कितीतरी गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. एवढं मोठं सोडा, तीन गाड्यांची धडक इथे नेहमीचीच. त्यात सगळ्यात जास्त गोत्यात येतो मधला. पुढचा उतरतो तो थेट त्याच्याच अंगावर, आणि मधलाही गांगरून म्हणतो, "सॉरी, माझं चुकलं."

पहिली चूक हीच. मागच्याने अंतर राखायचं, पुढची गाडी अचानक थांबली तरी आपली थांबली पाहिजे, हा नियम खरा. पण साखळीत प्रत्येक धडक सुटी करून बघतात. तुम्ही वेळेत थांबला होतात आणि तिसऱ्याने तुम्हाला पुढे ढकललं, तर दोन्ही धडका सहसा त्याच्या खात्यावर जातात. आधी तुम्हीच पुढच्याला ठोकलं असेल, तर तेवढा वाटा तुमचा.

हे ओळखायचं कसं? पुढच्याला विचारा, धक्के किती बसले? एकच बसला असेल तर बहुधा तुम्ही ढकलले गेलात. दोन बसले असतील तर पहिला तुमचा असण्याची शक्यता जास्त. स्वतःचंही आठवा: आधी पाठ सीटवर आपटली (म्हणजे धक्का मागून), की आधी पट्टा छातीत रुतला? डॅशकॅम (गाडीत पुढे लावलेला कॅमेरा) असेल तर प्रश्नच मिटला. हे सगळं पंचनाम्याच्या वेळी सांगा, नंतर आठवून उपयोग नाही.

"अचानक ब्रेक मारला, मग चूक त्याचीच" हेही सरसकट चालत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात महामार्गावर इशारा न देता एकदम थांबलेल्या कारचालकाला 50 टक्के जबाबदार धरलं. मागून धडकलेल्या दुचाकीस्वाराचा वाटा 20 टक्के, त्याच्या मागून आलेल्या बसचा 30.

गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: चारही बाजू, रस्त्यावरच्या चाकांच्या खुणा, तिन्ही नंबरप्लेट. पण उतारावर मागून ट्रक येत असतील तर फोटो राहू द्या, आधी माणसं कडेला घ्या.

"पाच हजार घ्या आणि मिटवून टाका" याला पुणेकर सहज भुलतो, ऑफिस गाठायचं असतं ना! बंपरच्या आत काय वाकलंय ते गॅरेजमध्येच कळतं. कुणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान झालं असेल, तर पोलिसांना 24 तासांच्या आत कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं.

आणि जखमी तुम्ही असाल, चूक मात्र बाकी दोघांची, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई त्यांच्यापैकी कुणा एकाकडूनही पूर्ण मागता येते. कुणाचा वाटा किती, ते दोघं आपापसात बघतील.